फॅन साइटवर ‘मनापासून’ लिहायचे पैसे देतायत. घेऊ का?

इर्विनपूल (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी गावभागातला. 2004 च्या आसपास नेट कॅफेत तासाला 20 रुपये मोजून आम्ही सहाजण एज ऑफ एम्पायर्स टू, म्हणजे राज्य उभारून लढाया करायचा कॉम्प्युटर गेम, खेळायचो. सीडी कुठनं आलेली ते विचारू नका. 2019 च्या पुरात जुना कॉम्प्युटर गेला, नवा घेतला, आणि त्याच नोव्हेंबरात गेमची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्यानं सजवलेली आवृत्ती, आली. आयुष्यात पहिल्यांदा पैसे देऊन गेम घेतला आणि त्या खुशीत मराठीत एक साइट काढली. पहिले सहा गडी मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, मग रानडुक्कर ओढून टाऊन सेंटरपाशी (गावाच्या मुख्य इमारतीपाशी) आणायचं, असलं सगळं आपल्या भाषेत. (व्हिलेजरला मी ‘गडी’च लिहितो. एकानं त्यावरनं भांडण काढलेलं, पण बदललं नाही.)

एप्रिल 2022 मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ हा गेमचा वाढीव भाग आला. खेळायला घ्यायच्या ‘इंडियन्स’ या एका संस्कृतीच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर झाले. गुर्जरांची मेंढरं गिरणीत कोंडून ठेवली की धान्य आपोआप येत राहतं, त्यावरचं माझं पान अजून सगळ्यात जास्त वाचलं जातं. एरवी दिवसाला तीनशे-साडेतीनशे माणसं येतात. वर्षाचा खर्च 5,200 रुपये, खिशातनं.

आता मुद्दा. महिन्याभरात दोन मेल आल्या. पहिली पैसे लावून खेळायच्या रमीची लिंक टाका म्हणणारी. दुसरी एका मार्केटिंग एजन्सीची. मोबाइलवर किल्ले बांधायचा एक गेम आहे, त्यावर महिन्याला दोन लेख टाकायचे, 6,000 रुपये. लेख तेच लिहून देणार, ‘जाहिरात’ असं कुठंही लिहायचं नाही. “ऑरगॅनिक वाटलं पाहिजे.” म्हणजे आपणहून लिहिल्यासारखं. खाली पाच वेगवेगळ्या नावांनी प्रतिक्रियाही त्यांचीच माणसं टाकणार.

नमुन्याचा लेख उघडला तर पहिलंच वाक्य, “मी गेली पाच वर्षं हा गेम खेळतोय.” गेम येऊन आठ महिने झालेत!

हसलो. पण खरं सांगायचं तर 6,000 म्हटल्यावर मन हललं. काय करू?

---

फुकटफौजदार (मिरज)

घे की लेका. मोठे यूट्यूबर काय धर्मादाय चालवतात? तीनशे लोकांच्या साइटला कोण तुरुंगात टाकणार आहे. सहा हजारात साइटचा वर्षाचा खर्च भागून वर आठशे उरतात.

---

कंदीपेढा (सातारा)

फौजदार, हिशेब बरोबर आहे, बाकी सगळं चूक.

इर्विनदादा, मी चार वर्षं पुण्यात अशाच एका एजन्सीत काढली. असल्या मेल मीच पाठवायचो, म्हणून आतलं सांगतो. आम्ही याला ‘सीडिंग’ म्हणायचो. मोठ्या साइटवर बॅनर लावला तर लोक नजर फिरवतात. तुमच्यासारखा माणूस सहा वर्षं फुकट लिहितो, म्हणून त्यानं ‘चांगलाय’ म्हटलं की वाचणारा डाउनलोड करतो. तुमच्या तीनशेंत तीस जण खरे खेळाडू असतील, एजन्सीला तेवढे पुरतात. शिवाय साइट जुनी असल्यामुळं तिथल्या लिंकचा गूगलमध्ये फायदा होतो, तो वेगळाच. पैसे घेतलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण कोडमध्ये टाकावी, असं गूगल 2019 पासून सांगतंय. ती टाकायची नाही असं एजन्सी सांगेल आणि उद्या साइट गूगलच्या यादीत खाली गेली तर फोन उचलणार नाही.

रमीची मेल आजच उडवा. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशाच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. तिथं गंमत नको.

दुसरीचं सांगायचं तर, ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी 2023 मध्ये नियमावली काढली आहे. पैसे राहू द्या, वस्तू फुकट मिळाली तरी ती उघड सांगायची, आणि वाचणाऱ्याला सहज दिसेल अशी. अमेरिकेत 2016 मध्ये वॉर्नर ब्रदर्स यातच सापडली. ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ गेमसाठी यूट्यूबरना पैसे दिले होते, आणि ते सांगितलं कुठं? व्हिडिओखाली, ‘शो मोअर’ दाबल्यावर दिसेल अशा ठिकाणी. तिथल्या व्यापार आयोगानं ते ग्राह्य धरलं नाही.

---

बेदाणा (तासगाव)

दादा, तुमच्या गुर्जरांच्या पानामुळं मी पहिल्यांदा मित्राला हरवलं. त्यामुळं मी तटस्थ नाही.

एक आठवण करून देतो. आपल्याच गेमची ‘द फरगॉटन’ ही आवृत्ती मुळात चाहत्यांनी केलेला मॉड, म्हणजे गेममध्ये हौसेनं केलेली भर, होता. 2013 मध्ये तीच अधिकृत म्हणून विकायला आली, आणि त्याच मंडळींची कंपनी आज गेमवर काम करते. फॅन लोकांना पैसे मिळू नयेत असं माझं म्हणणं नाहीच. पण त्यांनी स्वतःच्या नावानं स्वतःचं काम विकलं. इथं काम एजन्सीचं आणि नाव तुमचं.

आणि 5,200 च हवेत ना? साइटवर क्यूआर कोड लावा. माझे 200 धरा.

---

इर्विनपूल (सांगली)

सगळ्यांचे आभार, फौजदारांचेही.

रात्री वडिलांना सांगितलं. त्यांची हयात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. गेम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही, पण व्यवहार लगेच कळला. म्हणाले, “हमाली, तोलाई सगळं कापतातच की. पण शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. यांना पट्टीच नको म्हणायलाय तू.”

रमीची मेल उडवली. एजन्सीला कळवलं, की गेम मी स्वतः महिनाभर खेळणार, लेख मी लिहिणार, वर ठळक ‘जाहिरात’ लिहिणार, आणि पाच बोगस प्रतिक्रिया चालणार नाहीत. दोन दिवसांनी उत्तर आलं. या अटींवर दर 900 रुपये.

म्हणजे त्या एका शब्दाचे 5,100. नको म्हणून कळवलं. गेम मात्र उतरवून बघितला. तटबंदी बरी केलीय, पण दर दहा मिनिटांनी हिरे विकत घ्या म्हणतो. तेच लिहीन, फुकट.

बेदाणा, क्यूआर कोड लावतो. पुढच्या रविवारी आठ जणांची स्पर्धा ठेवतोय, बक्षीस दोन किलो भडंग. फौजदार, मिरजेहून येताय का? एक जागा शिल्लक आहे.