वरून कडक, खालून कच्चा
यूव्ही (अतिनील) दिव्याखाली कडक होणाऱ्या रेझिनचा थर सुकत नसेल तर दिव्याखाली जास्त वेळ ठेवा, असं सांगितलं जातं. हा सल्ला साध्या रेझिनला ठीक. कार्बन घातलेल्याला नाही. नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) काय, ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) काय, कार्बन यूव्ही स्वतःच गिळतो. वरचा पापुद्रा कडक होतो आणि नेमकं जिथे चिकटायला हवं तिथे, तळाशी, रेझिन ओलं राहतं. मग सोलपटं निघणारच. बापो (BAPO) जातीचा फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश पडताच रेझिन कडक व्हायला सुरुवात करून देणारं रसायन, आणि ३९५-४०५ नॅनोमीटरचा दिवा वापरा. हा इनिशिएटर प्रकाशात रंगहीन होत जातो, त्यामुळे निदान त्याची तरी आडकाठी राहत नाही. कार्बन वजनाने ०.१ टक्क्यापासून सुरू करा, थर पातळ ठेवा.

अल्ट्रासोनिक प्रोबने (ध्वनिलहरी सोडणाऱ्या दांडीने) कार्बन रेझिनमध्ये मिसळताना भांडं बर्फात हवं, आणि इनिशिएटर त्यानंतरच घाला. तपासणीसाठी थर पात्याने उचलून खालची बाजू अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसा. बोळा काळा झाला तर तळ कच्चा.