२२ लिंका आल्या, पण पोराशेजारी बसणार कोण?

साष्टीकर
आमच्या पालकांच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक संदेश फिरत आला. सारांश असा: 'घरबसल्या भूगोल, एकदम मोफत. या २२ लिंका जपून ठेवा. पुस्तक नको, क्लास नको, आईबाबांनी शेजारी बसायचीही गरज नाही.' त्याखाली अंगठ्यांची रांग. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते दोन दिवस ताळ्यावर आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

लिंकांशी माझं भांडण नाही. त्यातल्या पाचसहा मी स्वतः वापरतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, त्यावर शाळकरी मुलांसाठी एनसीईआरटीबरोबर केलेला वेगळा विभाग आहे. गूगल अर्थ आहेच. हे सगळं माझ्या लहानपणी असतं तर मी जेवायला उठलो नसतो.

पण माझी मुलगी सहावीत आहे. नकाशाच्या क्विझमध्ये आफ्रिकेचे ५४ देश ती बोट ठेवून दाखवते. बुर्किना फासोची राजधानी वागाडुगु, हे मला तिच्याकडून कळलं. तीच मुलगी गेल्या महिन्यात ठाण्याहून कळव्याला जाताना लोकलच्या खिडकीतून खाली बघत म्हणाली, "बाबा, ही कुठली नदी?" आजीकडे जायला आठवड्यातून दोनदा ती हा पूल ओलांडते. जन्मापासून.

नदी नव्हे, ती ठाण्याची खाडी. त्या रात्री दोघं नकाशा उघडून बसलो. पुलावर बोट ठेवलं आणि पाण्याच्या कडेकडेने सरकत गेलो. दक्षिणेला ऐरोली, वाशी, मग थेट मुंबई बंदर. उत्तरेला मुंब्र्याकडे खाडी चिंचोळी होत उल्हासला मिळते, आणि उल्हासचं पाणी गायमुख, घोडबंदरवरून वळसा घेऊन वसईला समुद्रात जातं. बोट फिरून अरबी समुद्रात आलं तशी ती ओरडली, "म्हणजे आपण बेटावर राहतो?" हो, साष्टी बेटावर. या शोधाला पाऊण तास लागला आणि तो पाऊण तास मी तिच्या शेजारी होतो. क्विझने तिला हा प्रश्न कधीच विचारला नसता. म्हणून 'बसायची गरज नाही' हे वाक्य मला खोटं वाटतं, आणि घातकही.

ऐरोलीची आई
तो संदेश माझ्याही ग्रुपवर आला होता आणि मी अंगठा दिला होता. आजही देईन.

तुम्ही पाऊण तास बसलात, छान केलंत. मी सकाळी ७.४० ची ट्रान्सहार्बर पकडते, घरी यायला सव्वाआठ होतात. मग कुकर, उद्याचा डबा, युनिफॉर्म. आजी नाही, आजोबा नाहीत, नवरा शिफ्टवर. माझा चौथीतला मुलगा दुपारी दोन ते आठ शेजारच्या काकूंच्या नजरेखाली असतो. त्याच्याशेजारी कोण बसणार?

आणि एकटं मूल काहीच शिकत नाही हे कुणी ठरवलं? एका साइटवर देश उचलून दुसरीकडे नेता येतो, खरा आकार दिसतो. त्याने एकट्याने ग्रीनलंड उचलून आफ्रिकेवर ठेवला. रात्री मी कणीक मळत असताना येऊन सांगतो, "आई, भिंतीवरचा नकाशा चुकीचा आहे. तिथे ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, खरं तर आफ्रिका चौदापट मोठी आहे. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे." असा नकाशा काढायच्या पद्धतीला मर्केटर म्हणतात वगैरे मला काही माहीत नव्हतं. त्यानेच मला सांगितलं. तेव्हा माझ्यासारखीच्या मुलाला जे मिळालंय त्याला घातक म्हणू नका.

फळा-खडू
मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. तुम्हा दोघांचंही मला पटलेलं नाही.

बोट फिरवून नकाशा डोक्यात बसत नाही, हाताने काढून बसतो. ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, कोऱ्या नकाशाची वही. कोकण किनारा स्वतः काढला की दंतुर किनारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पेन्सिल प्रत्येक खाडीत आत जाऊन बाहेर येते, आणि हाताला ते लक्षात राहतं.

दुसरं, आणि माझ्या मते फार गंभीर. निवृत्त होण्याआधीच्या चार वर्षांत मुलं प्रकल्पवहीत परदेशी साइटवरून छापलेले भारताचे नकाशे चिकटवून आणायची. काश्मीर अर्धं कापलेलं, अरुणाचलभोवती तुटक रेघा. भारताची सीमा चुकीची छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पालकांच्या गावीही नसायचं. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे करतोय, त्यांचे अधिकृत नकाशे फुकट उतरवून घेता येतात. तरी कुणी तिकडे फिरकत नाही. क्विझ तर अजून २९ राज्यं विचारतात. राज्यं २८ आहेत, केंद्रशासित प्रदेश ८. २०२० पासून हेच आहे. अशा क्विझवर वाढलेलं मूल परीक्षेत ठाम चुकतं. आणि अक्षवृत्त, रेखावृत्त हे शब्द तर त्याने ऐकलेलेच नसतात.

घणसोली सेक्टर सात
सर, माझी मुलगी सीबीएसईत, इंग्रजी माध्यमात आहे, तिच्या पेपरात 'अक्षवृत्त' हा शब्द येणार नाही. दर चर्चेत माध्यमाचा विषय काढून पालकांना अपराधी का वाटायला लावता? सीमेचं मात्र मान्य. आमच्या घरातला नकाशा आजच तपासते.

साष्टीकर
ऐरोलीच्या ताई, 'घातक' हा शब्द तुमच्यासाठी नव्हता, संदेश लिहिणाऱ्यासाठी होता. पण तो लागला तुम्हाला, हे दिसतंय. तुमच्या मुलाचा ग्रीनलंड माझ्या मुलीच्या ५४ देशांपेक्षा भारी आहे, हे कबूल.

तरी एक करून बघा. वेळ नसेल तर दहा मिनिटांचं काम सांगतो. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स आहे, १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकापाठोपाठ सरकतात. उलव्यावर, नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर न्या. टेकडी हळूहळू सपाट होते, उलवे नदीचं पात्र वळवलेलं दिसतं आणि मोकळ्या जागेवर धावपट्टी उमटते. माणूस भूरूपं कशी बदलतो, हा अख्खा धडा त्यात आहे.

खाडीपल्याड
मोकळ्या जागेवर?

दादा, चर्चा भूगोलाची आहे म्हणून गप्प वाचत होतो. ती मोकळी जागा म्हणजे माझं आजोळ. त्या विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा ही नावं तरी तुमच्या मुलीला माहीत आहेत का? तिला वागाडुगु पाठ आहे.

तुमच्या त्या चित्रात गाव दिसत नाही याला कारण आहे. जुनी उपग्रहचित्रं लँडसॅटची, त्यातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटर. मामाचं घर, अंगण, शेवग्याचं झाड आणि शेजाऱ्याचं घर मिळून एक करडा ठिपका. ठिपक्याचा रंग बदलला, तुम्ही म्हणालात मोकळी जागा.

तिथे खाजण होतं, मिठागरं होती, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती होती. बांधाला उघाडी असायची, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी सोडायचं आणि भरतीला लावून घ्यायची. ती कधी लावायची हे माझी आजी तिथीवरून सांगायची. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शाळेची पायरी न चढलेली बाई. हा भूगोल तुमच्या २२ लिंकांमध्ये आहे का? आणि सर, तुमच्या ट्रेसिंग पेपरवर तरी आहे का?

खारघरचा रहिवासी
दुःख समजतं, पण मग विमानतळ नको होता का? २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली, इथल्या पोरांना कामं मिळतायत. आमच्या इमारतीखालीही कुणाचं तरी शेत होतं. किती मागे जाणार?

खाडीपल्याड
विमानतळ नको असं मी कुठे लिहिलंय, वाक्य दाखवा. मी म्हणतोय की शिकवताना जागा मोकळी होती असं शिकवू नका. माझी आई अजून त्या बाजूने गाडी गेली की काच खाली करते आणि बोलत नाही. किती मागे जाणार हे तिला येऊन विचारा.

खारघरचा रहिवासी
बरोबर, तसं तुम्ही लिहिलेलं नाही. मी घाईत वाचलं.

फळा-खडू
एक दुरुस्ती. उलवे पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येतं. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्याचा. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार असतं, त्यामुळे ठाण्याच्या पुस्तकात उलवे नसणारच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाण्याला सात तालुके उरले. कित्येक पालक अजून डहाणू ठाण्यात धरतात.

खाडीपल्याड
सर, भरती वाशीला ठाणे जिल्ह्याची आणि उलव्याला रायगडची अशी वेगळी येत नाही. तुमच्यासारख्या शिक्षकांमुळेच मला शाळेत वाटायचं की भूगोल म्हणजे दुसऱ्यांच्या गावाचा विषय. पुस्तकात ॲमेझॉनचं खोरं होतं, आजीची उघाडी नव्हती.

फळा-खडू
हा आरोप मला लागला. ३१ वर्षांत मी भरती-ओहोटी दरवर्षी शिकवली. उधाणाची भरती, भांगाची भरती, चंद्र-सूर्य-पृथ्वीची आकृती, सगळं फळ्यावर. शाळेपासून खाडी पंधरा मिनिटांवर होती आणि मी एकदाही वर्ग तिकडे नेला नाही. परवानगी, जबाबदारी, पोरं पाण्यात उतरली तर काय, ही कारणं खरी होती. पण वर्गात कोळ्या-आगऱ्यांची आठदहा मुलं दरवर्षी असत, त्यांना उभं करून विचारता आलं असतं. त्याला परवानगी लागत नव्हती. तिथीचा हिशेब मला आज, निवृत्तीनंतर, तुमच्याकडून कळतोय.

हाताने नकाशा काढण्याचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

साष्टीकर
'मोकळी जागा' हे शब्द मी मागे घेतो. काल रात्री मुलीला तीच चित्रं पुन्हा दाखवली, तुमची आठ नावं वाचून दाखवली. तिने विचारलं, "ती माणसं आता कुठे राहतात?" मला उत्तर देता आलं नाही.

एक सुचवू का? ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून लोकच भरतात, मराठीत नावं घालता येतात. खाडीचे फाटे, उघाड्या, देवळं, जे जे अजून जमिनीवर आहे, त्याची नावं तुमच्या आईला विचारून घालता येतील. मी शिकवतो कसं ते.

फळा-खडू
कुणीही भरतं म्हणजे चुकीचंही भरतं. सीमांचा माझा मुद्दा तिथेही लागू आहे.

खाडीपल्याड
चुकीचं भरण्याइतकी तरी आमची नावं कुठे आहेत, सर. दादा, आईला विचारतो. ती बोलली तर कळवतो. वचन देत नाही.

ऐरोलीची आई
तुम्ही सगळे विमानतळावर उतरलात, माझा प्रश्न तसाच राहिला. दुपारी दोन ते आठ एकट्या असणाऱ्या मुलाने काय करायचं? कुणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर त्या लिंकाच आहेत. त्या मी काढणार नाही.

पण हेही सांगते. माझा मुलगा ऐरोलीत जन्मला, खाडी घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून तिथे आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, हे त्याला व्हिडिओमुळे पाठ आहे. आम्ही एकदाही गेलेलो नाही. रविवारी एक तास काढता येईल. पाणी किती वाजता असतं?

खाडीपल्याड
ताई, या रविवारी सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. ऐरोली खाडीत आत आहे, तिथे थोडं उशिरा चढतं. साडेचारला पोचा, म्हणजे चढतं पाणी बघायला मिळेल. पण ते भांगाचं पाणी, फार वर येणार नाही, मुलाला आधी सांगून ठेवा. किनाऱ्याचा चिखल पायाला धरतो, उतरू देऊ नका. उधाण बघायचं असेल तर पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास या. सुट्टी मिळाली तर मीही येईन, आईला घेऊन.