घरच्या सिम्युलेटरमध्ये तुम्हाला कोणते जुने प्रवासी विमान हवे आहे? (अनुभव धागा)

घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांना आज कशाची उणीव भासावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हा पडद्यावर मोजक्या रेघा होत्या आणि त्यांवरूनच धावपट्टी ओळखावी लागत असे. आता उपग्रहचित्रांवरून उभारलेली अख्खी पृथ्वी आणि खरेखुरे हवामान आपल्याला घरबसल्या मिळते. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ यांच्या तर इतक्या आवृत्त्या आहेत की निवड करणे अवघड व्हावे. मात्र १९५० ते १९८० या काळात ज्या विमानांनी प्रवासी वाहतूक घडवली, त्यांतली बहुतेक विमाने एकतर या नव्या आभाळात अजून आलेलीच नाहीत, किंवा आली तरी नुसते बाह्यरूप घेऊन आली. म्हणून हा धागा काढत आहे. तुम्हाला कोणते विमान हवे आहे एवढेच लिहू नका. त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसून कोणते काम तुम्हाला स्वतःच्या हातांनी करायचे आहे, तेही लिहा.

सुरुवात मी करतो. मला बोइंग ७२७ हवे आहे, आणि त्यामागे माझी एक चूक आहे. मी शिकलो ते आधुनिक ७३७ वर. नंतर एका जुन्या सिम्युलेटरमध्ये एका हौशी गटाने तयार केलेले ७२७ मिळाले. पहिल्याच दिवशी उतरताना उंची जास्त राहिली, तेव्हा मी तिन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद कमीजास्त करणारे दांडे, पूर्ण मागे ओढले, पंखांमागचे फ्लॅप शेवटपर्यंत खाली केले आणि विमान अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने खाली बसू लागले. धावपट्टी अजून पुढे होती. मी थ्रॉटल पुढे सारले. इंजिनांचे काटे जागचे हललेच नाहीत. ते हलू लागेपर्यंत चाके धावपट्टीच्या अलीकडच्या गवताला लागली होती. ७२७ चे जेटी८डी जातीचे इंजिन पूर्ण मंदावलेले असले की त्यात ताकद यायला काही सेकंद लागतात, आणि तीन तुकड्यांत उघडणारे ते भलेमोठे फ्लॅप त्या सेकंदांत विमानाला खाली ओढतच राहतात. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे झालेल्या ७२७ च्या अपघाताची माहिती मी त्यानंतर वाचली. त्या विमानाचा खाली येण्याचा वेगही असाच हाताबाहेर गेला होता. तेव्हापासून शेवटच्या हजार फुटांत माझी इंजिने कधीही मंद नसतात. पुढे मी एक विकतचे ७२७ घेतले. त्याचे रंगकाम देखणे होते, पण थ्रॉटल पुढे करताच काटे ताबडतोब वर जात होते. जे विमान ही चूक करूच देत नाही, ते मला ७२७ वाटत नाही.

—

तुमच्या अनुभवामुळे लिहिण्याचे धैर्य झाले. माझे वडील बोइंग ७०७ वर फ्लाइट इंजिनिअर होते, म्हणजे उजव्या वैमानिकाच्या मागे, भिंतीवरच्या पॅनलसमोर बसणारा तिसरा माणूस. मी घरी सिम्युलेटर घेतला तेव्हा त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि ते उठून गेले. "यात माझी खुर्चीच नाही," एवढेच ते म्हणाले. मला ते लागले. पुढे एका जुन्या ७०७ च्या मॉडेलमध्ये इंजिनिअरचे पॅनल असल्याचे कळल्यावर मी ते मिळवले आणि त्यांना पुन्हा बोलावले.

मी चारही इंजिने सुरू केली आणि जनरेटर जोडण्यासाठी माउसने एक कळ दाबू लागलो, तोच त्यांनी माझे मनगट धरले. "थांब. दिवे बघ." पॅनलवर दोन लहान दिवे लुकलुकत होते. बाबांनी समजावून सांगितले ते असे : सर्व जनरेटरांची वीज एकाच ठिकाणी एकत्र करायची असेल, तर नव्या जनरेटरची लय आधीच्या विजेच्या लयीशी जुळलेली असावी लागते. ही वीज ४०० हर्ट्झची असते. दोन्ही लयींत जितका फरक असेल, तितके ते दिवे भरभर लुकलुकतात. मग छोटी मूठ फिरवत जनरेटरचा वेग जुळवत न्यायचा, म्हणजे लुकलुकणे मंदावते, दिवे सावकाश उजळतात, सावकाश मावळतात. "दोन्ही एकदम विझले की मग कळ लाव. उजळलेले असताना लावलीस, तर तो धक्का जनरेटरला चालवणाऱ्या यंत्रापर्यंत जातो." मी तीन वेळा प्रयत्न केला, आणि तिन्ही वेळा घाई केली. चौथ्या वेळी त्यांनी स्वतः माउस हातात घेतला. दिवे मावळत असताना ते श्वास रोखून बसले होते, हे मला अजून दिसते.

मला हवे आहे ते ७०७ असे आहे. बाहेरून ते कसे दिसते याची मला फारशी फिकीर नाही.

—

ज्यांना असे काम आजच करायचे आहे, त्यांनी पीएमडीजी या कंपनीचे डीसी-६ हे पिस्टन इंजिनांचे जुने विमान उडवून पाहावे. ते २०२१ पासून मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरसाठी उपलब्ध आहे. प्रत्येक इंजिनात अठरा सिलिंडर आहेत आणि त्या साऱ्यांची काळजी आपल्यालाच घ्यायची असते : इंजिनाभोवतीची झाकणे किती उघडी ठेवायची, इंधन-हवेचे मिश्रण किती पातळ करायचे, खाली येताना इंजिन एकदम थंड पडू नये म्हणून ताकद किती हळू कमी करायची. नवख्यांसाठी त्यात आपोआप काम करणारा फ्लाइट इंजिनिअरही दिलेला आहे. मी पहिला महिना त्याच्यावर विसंबलो, नंतर त्याला सुट्टी दिली.

—

माझी इच्छा काहीशी वेगळी आहे. मला जुन्या विमानापेक्षाही जुने दिशादर्शन अधिक हवे आहे. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी फेलिस या निर्मात्याने केलेले बोइंग ७४७-२०० मी गेली काही वर्षे उडवतो आहे. त्यात जडत्वावर चालणारी दिशादर्शन यंत्रणा आहे, आणि तिच्यात एका वेळी फक्त नऊ बिंदू भरता येतात. बिंदूंना नावे नसतात. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश आकड्यांच्या कळफलकावरून हाताने भरायचे. त्या कळफलकावर पश्चिमेसाठी ४ ची आणि पूर्वेसाठी ६ ची कळ वापरतात, आणि दोघींमध्ये केवळ ५ ची कळ असते.

उत्तर अटलांटिक ओलांडताना एका रात्री मी ५२ उत्तर, २० पश्चिम हा बिंदू भरण्याऐवजी ५२ उत्तर, २० पूर्व असा भरला. विमान १५ पश्चिमेवर पोहोचले आणि कोणतीही कुरकुर न करता वळू लागले, थेट माघारी. खरे वैमानिक दोन बिंदूंमधले अंतर यंत्राला विचारून ते कागदावरच्या अंतराशी ताडून पाहत असत. मीही तसे केले असते, तर साधारण १८५ सागरी मैलांच्या जागी बाराशेहून अधिकचा आकडा पाहून चूक तत्काळ लक्षात आली असती. आता मी वही घेऊन बसतो. प्रत्येक बिंदू भरला की अंतर विचारतो, वहीत खूण करतो आणि मगच पुढच्या बिंदूकडे जातो. नऊ बिंदू संपत आले की मागचे पुसून पुढचे भरायचे असतात, त्यामुळे सात तासांच्या उड्डाणात झोप लागण्याची सोय नाही. डीसी-१० आणि लॉकहीड ट्रायस्टार यांच्याही तितक्याच सखोल प्रतिकृती व्हाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे.

—

ट्रायस्टारला माझेही अनुमोदन. उतरताना नाक वरखाली न करता, पंखांवरच्या पट्ट्या किंचित उचलून वा दाबून ते उतरण्याची रेषा सांभाळत असे. हा गुण एकदा तरी हातांना जाणवावा.

—

ट्रायडेंट या ब्रिटिश प्रवासी विमानाचे नाव अद्याप कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. केवळ ११७ विमाने तयार झाली म्हणून ते विस्मरणात गेले असेल, पण धुक्यात उतरण्याची विद्या प्रवासी विमानांनी ज्यांच्याकडून घेतली, त्यांत हे विमान अग्रभागी आहे. १० जून १९६५ रोजी प्रवासी घेऊन आलेल्या ट्रायडेंटने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर स्वयंचलित यंत्रणेच्या साहाय्याने चाके टेकवली. व्यावसायिक उड्डाणातला तो पहिला प्रसंग होता. त्यामागची कल्पना मला अतिशय सुंदर वाटते. स्वयंचलित नियंत्रणाच्या तीन वाहिन्या एकाच वेळी काम करतात आणि त्यांतली एखादी इतर दोघींपासून वेगळे काही सांगू लागली, तर तिला बाजूला काढून उरलेल्या दोन विमान उतरवतात. आजच्या सिम्युलेटरमध्ये एक बटण दाबले की विमान आपोआप उतरते, आणि त्यामागे काय चालले आहे ते दिसत नाही. मला त्या तीन वाहिन्या दिसायला हव्यात, त्यांतली एक बिघडवून पाहायला मिळायला हवी आणि दाट धुक्यात उरलेल्या दोघींवर विश्वास ठेवून बसण्याची धाकधूक अनुभवायला हवी.

त्याशिवाय त्या कॉकपिटमध्ये कागदाच्या गुंडाळीचा सरकता नकाशा होता. विमान पुढे जाईल तसा कागद सरकायचा आणि त्यावर एक खूण आपली जागा दाखवायची. पुढचे चाकही मध्यरेषेवर नाही. ते एका बाजूला सरकवलेले आहे आणि आडवे दुमडते. एका हौशी कलाकाराने केलेले मोफत ट्रायडेंट मी जुन्या सिम्युलेटरमध्ये कित्येक वर्षे उडवले आणि त्या उपकाराची जाणीव मला आहे. नव्या सिम्युलेटरमध्ये मात्र त्या सरकत्या कागदाची मी अजून वाट पाहतो आहे.

—

मी वाढलो ते टुपोलेव्ह टीयू-१५४ या सोव्हिएत प्रवासी विमानावर. २००४ च्या सिम्युलेटरसाठी प्रोजेक्ट टुपोलेव्ह या गटाने ते मोफत दिले होते, आणि मोफत असूनही इतके सखोल काम मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्यातली दिशादर्शन यंत्रणा अक्षांश-रेखांश ओळखतच नाही. मार्गाच्या प्रत्येक तुकड्याची लांबी आणि कोन आधी काढून द्यावा लागतो. मग डॉप्लर रडारवरून जमिनीसापेक्ष वेग आणि वाऱ्याने होणारे सरकणे मोजून ती यंत्रणा दोनच गोष्टी सांगते : वळणापर्यंत किती अंतर उरले आणि आपण रेषेच्या किती डावी-उजवीकडे आहोत. चूक साचत जाते, म्हणून वाटेतल्या जमिनीवरच्या केंद्रांवरून ती अधूनमधून दुरुस्त करायची. पहिले उड्डाण करण्याआधी मी दोन आठवडे फक्त वाचत होतो. आज मार्ग एका क्षणात उतरवून घेता येतो, तरी त्या दोन आठवड्यांइतका आनंद मला त्यात मिळालेला नाही.

—

दिशादर्शनाचा विषय निघाला आहे, म्हणून एक अडचण मांडतो. जुने विमान मिळाले तरी त्याला लागणारी जमीन मिळत नाही. रेडिओच्या ज्या केंद्रांवरून ही विमाने मार्ग शोधत, ती एकामागून एक बंद होत आहेत. अमेरिकेने तर व्हीओआर केंद्रे कमी करत जाऊन त्यांचे फक्त किमान जाळे ठेवण्याचे धोरण स्वीकारले आहे. सिम्युलेटरची माहिती आजची असल्यामुळे १९६८ चा नकाशा समोर ठेवून कॅराव्हेल हे जुने फ्रेंच जेट उडवायला निघालो, की निम्म्या वाटेवर सुई दिशाहीन फिरत राहते. मी जुन्या नकाशांवरून केंद्रांचे ठिकाण आणि वारंवारता टिपून ती एकेक करून सिम्युलेटरमध्ये परत बसवतो आहे. आतापर्यंत एक मार्ग पूर्ण झाला आहे. ज्या संध्याकाळी त्या मार्गावरच्या शेवटच्या केंद्राचा मोर्स संकेत कानात ऐकू आला आणि सुई स्थिर झाली, त्या संध्याकाळी मी उड्डाण संपवून बराच वेळ तसाच बसून होतो.

—

मी मॉडेल तयार करतो, म्हणून दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. इतकी वर्षे ही विमाने का येत नाहीत, याचे कारण कंटाळा किंवा अनास्था नव्हे. विमानाचे बाह्यरूप छायाचित्रांवरून उभे राहते. मात्र कोणत्या वजनाला, कोणत्या उंचीवर, किती इंधन जळते आणि काटा किती वेळात वर चढतो, हे छायाचित्रात नसते. त्यासाठी मूळ पुस्तिका लागतात आणि त्या कागदी असल्यामुळे विखुरलेल्या आहेत. आवाजाचे तर विचारूच नका. संग्रहालयात उभ्या असलेल्या व्हीसी-१० या ब्रिटिश विमानाची मापे घेता येतात, पण तिची चार कॉनवे इंजिने गरजताना ध्वनिमुद्रित करायची असतील तर ती चालू कोण करणार? ब्रिटिश हवाई दलाने शेवटच्या व्हीसी-१० २०१३ मध्ये निवृत्त केल्या. कॉन्कॉर्डचे शेवटचे प्रवासी उड्डाण तर त्याच्याही आधी, २४ ऑक्टोबर २००३ ला झाले.

यंत्रणांचे गणित मात्र मला सर्वांत कठीण आणि सर्वांत प्रिय वाटते. कॉन्कॉर्डच्या इंधनाचेच पाहा. ध्वनीचा वेग ओलांडताना पंखांवरच्या उचलीचे केंद्र मागे सरकते, म्हणून तोल राखण्यासाठी पुढच्या टाक्यांतले इंधन मागच्या टाकीत पाठवायचे आणि वेग कमी करताना ते परत पुढे आणायचे. पंप, झडपा, तोल आणि वेगाची मर्यादा या साऱ्यांचे एकमेकांशी असलेले नाते बरोबर बसले नाही, तर ते विमान नुसते टोकदार खेळणे होते.

वर ज्यांनी वडिलांच्या ७०७ बद्दल लिहिले आहे, त्यांना माझी विनंती आहे. मी सध्या ७०७ चेच इंजिनिअर पॅनल करतो आहे. माझ्याकडची छायाचित्रे अपुरी आहेत. खालच्या ओळीतली उपकरणे खुर्चीच्या पाठीमुळे झाकली गेली आहेत. आपल्या वडिलांना काही आठवत असेल तर कृपया विचारावे.

—

विचारले. बाबांनी काल दुपारी मोठा कागद मागवून घेतला आणि पट्टी-पेन्सिल घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले. इंधनाच्या टाक्यांच्या काट्यांपासून सुरुवात करून त्यांनी डावीकडून उजवीकडे पॅनल काढत नेले. मधेमधे डोळे मिटून ते उजवा हात हवेत पुढे करत आणि बोटे जिथे थांबत, तिथे कागदावर चौकट काढत. खालची ओळ जवळपास पूर्ण झाली आहे. दोन चौकटी मात्र त्यांनी रिकाम्या सोडल्या आहेत, कारण तिथे काय होते ते त्यांना खात्रीने सांगता येत नाही आणि अंदाजाने काही लिहायला ते तयार नाहीत. आज ते त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करणार आहेत. कागदाचे छायाचित्र मी संध्याकाळी पाठवतो.