गावच्या मैदानावर तीन रात्री, तीन सिनेमे: रहस्य, अद्भुत आणि विनोद. कोणते दाखवावेत?

खाडीकाठ (ता. देवगड)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्याला वाडीतल्या शाळेच्या मैदानावर सलग तीन रात्री सिनेमे दाखवायचं ठरतंय. एक रहस्याचा, एक अद्भुत आणि एक विनोदी. पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत दीडशे-दोनशे माणसं येतील. सध्याची यादी अशी: 'तुंबाड', 'झपाटलेला', 'अशी ही बनवाबनवी'. तिन्ही वेगवेगळ्या काळातले असावेत ही मूळ इच्छा, पण खरं जुनं त्यात काहीच नाही. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा, दिव्याचा आहे. पडदा शिवून घेणार. मैदान सड्यावर, खाली सगळा कातळ, त्यामुळे खांब पुरता येणार नाहीत. निवड आणि मांडणी दोन्हींबद्दल सांगा.

रीळवाला

'तुंबाड' (२०१८) आधी यादीतून काढा. त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे अठरा वर्षांखालच्या पोरांसमोर तो दाखवताच येत नाही. दुसरं कारण तितकंच मोठं. हा सिनेमा पाऊस, जुना वाडा आणि कंदिलाचा उजेड यांवर उभा आहे. उघड्या मैदानात पडद्यावरचा काळा रंग कधीच पुरता काळा पडत नाही, कुठला ना कुठला दिवा त्यावर येतोच. मग काळ्याच्या छटांमध्ये जे घडतं ते करड्या धुक्यात जातं आणि मागच्या रांगांना नुसते आवाज ऐकू येतात. थिएटरात हाच सिनेमा अप्रतिम दिसतो. त्याची जागा तिथेच.

'बनवाबनवी' (१९८८) आणि 'झपाटलेला' (१९९३) यांत पाचच वर्षांचं अंतर. दोन्हींत लक्ष्मीकांत बेर्डे, आणि दुसराही निम्मा विनोदीच. दोन रात्री एकाच चवीच्या होतील. एकच ठेवा.

माझी यादी:

पहिली रात्र, अद्भुत: दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९). मूकपट आहे म्हणून बिचकू नका. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी यात कृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती आपल्याच वेशात कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. पुढे गोकुळातल्या खोड्या आणि शेवटी डोहातलं कालियाशी युद्ध. पोरांना समजावून सांगावं लागत नाही. लांबी साधारण पाऊण तासाची, त्यामुळे पहिल्या रात्री पडदा, वीज, बसायची सोय यांत काय चुकतंय ते कळतं आणि दुरुस्तीला दुसरा दिवस हातात राहतो.

त्याला संगीत मात्र जिवंत द्या. तुमच्याकडे दशावताराची पेटी, पखवाज आणि झांज वाजवणारी माणसं आहेत, याहून योग्य साथ या सिनेमाला मिळणार नाही. त्यांना सिनेमा आधी दोनदा सलग दाखवा आणि कागदावर वेळा लिहून द्या: खोड्या कुठे संपतात, कृष्ण डोहात उडी कुठे घेतो, पखवाज कुठे थांबवायचा. वादक बाजूला, पडदा दिसेल असे बसवा. त्यांच्या दिव्यावर पुठ्ठ्याचा आडोसा हवाच. दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचा अर्थ मोठ्याने सांगायला एक खणखणीत आवाजाचा माणूस ठेवा. वेगही तपासा. मूकपट बहुधा सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी चित्रित होत, २४ ने चालवले की माणसं दुडदुडू लागतात. तुमच्या प्रतीत तसं दिसलं तर प्लेयरमध्ये वेग ०.७ ते ०.७५ करा.

दुसरी रात्र, रहस्य: राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). कृष्णधवल, बराचसा भाग कोर्टात, चेहरे नीट उजळलेले. रहस्य अंधारात नाही, जबानीत आहे, म्हणून उघड्यावर टिकतं. एक अडचण आहे. याच गोष्टीवर हिंदीत 'मेरा साया' (१९६६) आला, त्यामुळे वडीलधाऱ्यांना उलगडा माहीत असेल. ते नको असेल तर 'बिनधास्त' (१९९९) घ्या. कुठलाही घेतलात तरी आधी दहा मिनिटांचा लघुपट लावा. रहस्यपटाची पहिली दहा मिनिटं चुकलेला माणूस पुढचा तासभर शेजाऱ्याला प्रश्न विचारतो आणि दोघांचाही सिनेमा जातो.

तिसरी रात्र 'बनवाबनवी'. त्यावर वेगळं सांगायची गरज नाही.

सड्यावरून

पडद्याचं बोलतो. ३००० ल्युमेनला १२ फूट रुंदीच्या वर जाऊ नका. १२ बाय पावणेसात फूट म्हणजे ८१ चौरस फूट. ३००० भागिले ८१, साधारण ३७ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप). जुना दिवा आणि भाड्याचं भिंग धरून निम्मे हाती येतात असं समजा, म्हणजे १८. थिएटरात १४ च्या आसपास असतात, तेव्हा हे पुरेसं आहे. तोच पडदा १६ फुटी केला की आकडा दहावर येतो आणि चित्र मळकट दिसतं. मोठा पडदा शिवायचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा. शेवटची रांग ५० फुटांच्या आत ठेवली की १२ फूट पुरतात.

'कालिया मर्दन' आणि 'पाठलाग' जवळजवळ चौरस (४:३) चौकटीचे आहेत, त्यांचं चित्र ९ फूट रुंदच येईल. पडदा भरावा म्हणून ताणू नका, चेहरे रुंदावतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट काळं कापड लावा, चित्र आपोआप उठावदार दिसतं. एकेरी सुती कापडातून उजेड आरपार जातो. दुहेरी शिवा किंवा मागून काळं अस्तर द्या. खालची कड जमिनीपासून साडेतीन-चार फूट.

आता वारा. ताशी ३६ किलोमीटरच्या झोताने या पडद्यावर ५० ते ६० किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. पुरता येत नाही ना, मग बांबूची चौकट करा, वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून पुढे आणि मागे असे दोरीचे चार ताण ४५ अंशात काढा आणि प्रत्येक ताणाला ४० किलोच्या दोन वाळूच्या गोणी बांधा. एक गोणी घसरते. कापड चौकटीला सुतळीने आवळू नका. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, म्हणजे झोत आला की कापड थोडं सरकेल, फाटणार नाही.

डिसेंबरात खारा वारा तिन्हीसांजेला पडतो आणि रात्री जमिनीकडून मतलई सुटतो. म्हणून पडद्याच्या पूर्वेला शाळेची इमारत येईल अशी जागा धरा. मात्र मग पडद्याचं तोंड पश्चिमेला येतं आणि संधिप्रकाश थेट त्यावर पडतो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तरी सातच्या आधी सुरू करू नका.

चाचणी पहिल्या दृश्यावर घेऊ नका, सिनेमातलं सगळ्यात अंधारं दृश्य लावून घ्या. दिसत नसेल तर ब्राइटनेसला हात लावू नका, त्याने काळं पांढुरकं होतं. गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारी सेटिंग) २.२ वरून २.० किंवा १.८ करा.

भोंगा_नको

आवाज. जुन्या सिनेमांचा आवाज एकाच वाहिनीचा असतो, तो दोन्ही स्पीकरना सारखाच द्या. मंडपवाल्याचा भोंगा नको, गाणी कर्कश होतात. उभे कॉलम स्पीकर, बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील इतक्या उंचीवर. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचा खर्ज कापा, २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा किंचित वर घ्या, शब्द सुटे ऐकू येतात.

नव्या प्रतींत एक खोड असते. आवाज ५.१ (सहा वाहिन्यांचा) असेल तर संवाद मधल्या वाहिनीत असतात. लॅपटॉपमधून नुसतं डावं-उजवं काढलं की पार्श्वसंगीत दणदणीत आणि माणसं मात्र पुटपुटताना ऐकू येतात. प्लेयरमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स, म्हणजे सगळ्या वाहिन्या दोनांत मिसळणारा पर्याय, निवडा. 'बनवाबनवी'ला आवाज जरा चढाच ठेवा, कारण एका वाक्यावरचा हशा पुढच्या वाक्यावर पडतो.

खाडीकाठ

फार उपयोगी, धन्यवाद. दोन शंका: मध्येच वीज गेली तर? आणि परवानग्या?

सड्यावरून

दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज एकदम गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतल्या आत भाजतो, फुटूही शकतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १ केव्हीएच्या यूपीएसवर ठेवा. तेवढ्या मिनिटांत जनरेटर सुरू होतो. जनरेटर स्थिर झाल्यावरच भार टाका. रात्री दव पडतं, म्हणून प्रोजेक्टर पंधरा मिनिटं आधी सुरू करून गरम होऊ द्या आणि मध्यंतरात बंद करू नका. वर छप्पर हवं, पण हवेच्या झडपा मोकळ्या. पाखरं भिंगावर येतात. पन्नास-साठ फुटांवर, पडद्याच्या मागच्या अंगाला एक पांढरा दिवा लावा, बरीचशी तिकडे वळतात.

रीळवाला

लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, म्हणून तिसऱ्या रात्री मध्यंतर दहाच मिनिटांचं. प्रदर्शनाच्या परवान्याचं तहसील कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

हक्कांचं असं: चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. 'कालिया मर्दन' त्यातून केव्हाच बाहेर पडला. 'पाठलाग'ची मुदतही २०२४ अखेर संपली, पण कथा आणि गाण्यांचे हक्क वेगळे असतात, ते विचारून घ्या. 'बनवाबनवी' आणि 'बिनधास्त'साठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागेलच. तिकीट नसलं तरी लागते, आणि घरच्या ओटीटीचं वर्गणीखातं मैदानावर चालत नाही. चांगल्या प्रतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आत्ताच पत्र टाका, उत्तर यायला वेळ लागतो. पत्रात तारखा, गाव, अंदाजे प्रेक्षक आणि प्रवेश विनामूल्य आहे हे स्पष्ट लिहा. आणि तारखा पक्क्या करण्याआधी आसपासच्या जत्रा बघा, नाहीतर ऐन रात्री तुमचे पखवाजवाले दशावताराला गेलेले असतील.