मदत हवी आहे: अश्रूंतला मिर-१८४ क्यूपीसीआरमध्ये दिसतच नाही (नाशिक)

गंगापूररोड_पीजी
तातडीचं आहे. शर्मर पट्टीवरच्या (पापणीत अडकवून अश्रू टिपणारी कागदी पट्टी) अश्रूंतून आरएनए काढून मिर-१८४ आणि मिर-२०४ हे मायक्रोआरएनए (जनुकांवर लगाम ठेवणारे छोटे आरएनए) क्यूपीसीआरवर (प्रती वाढवत मोजणारी चाचणी) मोजायचेत. दोन्हींची सीटी (कितव्या चक्राला सिग्नल दिसतो; आकडा मोठा म्हणजे माल कमी) ३७-३८, एनटीसीचीही (नमुना न घातलेली ट्यूब) ३८. यू६ (तुलनेसाठी घेतलेला आरएनए) एका नमुन्यात २९, शेजारच्यात ३५. प्रायमर (लक्ष्याला चिकटणारे छोटे डीएनए तुकडे) बदलून झाले, मशीन ठणठणीत आहे. गाइडना पुढच्या आठवड्यात आकडे हवेत. चालणारे प्रायमर कुठले तेवढं सांगा, बाकी सगळं नेहमीचंच आहे. मायक्रोआरएनए म्हणजे काय इथून सुरुवात नको, प्लीज.

सातपूरकर
"नेहमीचंच" म्हणजे काय? किट कुठल्या प्रकारचं? इथेनॉल किती टक्के? आरटी (आरएनएवरून डीएनए, म्हणजे सीडीएनए, बनवणं) कशाने? पट्टी डोळ्यातून काढल्यापासून लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण) पडेपर्यंत किती वेळ जातो? हे कळल्याशिवाय प्रायमर सुचवणं म्हणजे नाडी न बघता पुडी बांधणं.

म्हसरूळ_मायक्रो
त्याआधी एक. मिर-२०४ अश्रूंत का शोधताय? तो टीआरपीएम३ जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिन न बनवणारा भाग) बसलेला असतो आणि मुख्यतः दृष्टिपटलाच्या रंगद्रव्य थरात, सिलिअरी बॉडीत, भिंगात काम करतो. अश्रू अश्रुग्रंथी आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरून येतात, दृष्टिपटलाची खबर तिथे मिळेलच असं नाही. मिर-१८४ मात्र कॉर्नियाच्या (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) एपिथेलियममध्ये (वरचा पेशीथर) भरपूर. तो दिसायलाच हवा.

चष्मेबहाद्दर
मिर-१८४ म्हणजे केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा होतो तो आजार) ना? त्याच्या सीड भागातल्या (लक्ष्य ओळखणारा भाग) एका बदलाने केराटोकोनस आणि लहानपणीच मोतीबिंदू होतो, २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका कुटुंबात सापडलं होतं. त्यापेक्षा सरळ जनुकाचं सिक्वेन्सिंग (अक्षरक्रम वाचणं) करा.

म्हसरूळ_मायक्रो
@चष्मेबहाद्दर तो डीएनएतला बदल, रक्तातून बघायचा. इथे प्रश्न पातळीचा आहे. कुणी विचारलंय का ते?

गंगापूररोड_पीजी
किट साधं सिलिका कॉलमचं, ७०% इथेनॉल, पत्रकात लिहिलंय तसं. इल्यूशन (कॉलमवरून आरएनए सोडवून घेणं) १०० मायक्रोलिटर. आरटी ऑलिगो-डीटीने (पॉली-ए शेपटीला चिकटणारा प्रायमर). त्याच सीडीएनएवर जीएपीडीएच (सगळ्या पेशींत चालू असणारं जनुक) झकास येतो, म्हणजे आरटीत काही गडबड नाही. पट्ट्या ओपीडीतून कोऱ्या ट्यूबमध्ये येतात, दुपारी लॅबमध्ये घेतो. आता प्रायमर सांगा.

सातपूरकर
प्रायमरचा प्रश्नच नाही.

आधी आरटी. पिकलेला मायक्रोआरएनए जेमतेम २२ बेसचा, त्याला पॉली-ए शेपूट (टोकाची ए-अक्षरांची माळ) नाही. ऑलिगो-डीटी बसणार कुठे? सीडीएनएच होत नाही, म्हणून तुमचा नमुना आणि एनटीसी एकच आकडा देतायत, तो प्रायमर-डायमर (प्रायमर एकमेकांनाच चिकटून झालेला तुकडा) आहे. मेल्ट कर्व्ह (तयार झालेला तुकडा कुठल्या तापमानाला सुटतो) बघा. दोन वाटा आहेत: स्टेम-लूप प्रायमर (स्वतःवरच दुमडलेला; १६ अंशांवर ३० मिनिटं, ४२ वर ३०, ८५ वर ५), किंवा आधी पॉली-ए पॉलिमरेजने शेपूट लावून मग अडॅप्टरवाला ऑलिगो-डीटी. दोनच लक्ष्यं असतील तर स्टेम-लूप.

दुसरं, कॉलम. साध्या किटमध्ये ७०% इथेनॉल तेवढ्याच आकारमानात घातलं की मिश्रणात ३५% उरतं. तेवढ्यात सुमारे २०० बेसच्या खालचं बहुतेक सगळं गाळून निघतं. फिनॉलवाल्या लायसिसमध्ये (७०० मायक्रोलिटर, पट्टीचे तुकडे करून) ५ मिनिटं ठेवा, १४० क्लोरोफॉर्म, ४ अंशांवर १२,००० जी, १५ मिनिटं. वरचा सुमारे ३५० चा थर घ्या, मधला पांढरा थर हलवू नका, त्यात १०० टक्केवालं इथेनॉल दीडपट, म्हणजे ५२५. मग कॉलम. इल्यूशन २० मध्ये. १०० मध्ये पाणी मोजताय.

आणि जीएपीडीएचवर भरवसा नको. त्याचे स्यूडोजीन (जनुकाच्या निकामी नकला) जीनोमभर विखुरलेत, पट्टीला चिकटलेल्या पेशींच्या डीएनएवरही तो छान उठतो. आरटी एन्झाइम न घातलेली ट्यूब लावून बघा.

पाथर्डी_फाटा
यू६ च्या भानगडीबद्दल कुणी बोललंच नाही. तो केंद्रकात राहणारा, शंभराच्या वरच्या बेसचा. अश्रूंत किती उतरेल हे पेशी किती खरवडल्या यावर. २९ आणि ३५ तिथूनच. सेल-मिर-३९ स्पाइक-इन (बाहेरून मोजून घालायचा कृमीचा मायक्रोआरएनए) घाला, प्रश्न संपला.

म्हसरूळ_मायक्रो
संपला नाही. स्पाइक-इनने काढणी आणि आरटीतला फरक कळतो, पट्टीवर अश्रू कमी आले की जास्त हे कळत नाही. त्यासाठी ओल्या भागाचे मिलिमीटर लिहा आणि सगळ्यांतून सारखीच ओली लांबी कापा. शिवाय नमुन्यातलेच स्थिर असे निदान तीन मायक्रोआरएनए शोधून त्यांच्यावर नॉर्मलाइझ करा (त्यांच्या तुलनेत आकडे काढा).

पाथर्डी_फाटा
प्रबंधाच्या घाईत तीन संदर्भ कोण शोधणार? स्पाइक-इन आणि सारखी लांबी, पुरे.

सातपूरकर
पुरे म्हणायला हरकत नाही, पण प्रबंधात मर्यादा म्हणून लिहा. स्पाइक-इन लायसिस बफर पडल्यावरच, ३.५ मायक्रोलिटर, १.६×१०^८ प्रती दर मायक्रोलिटर. अश्रूंवर थेट टाकलात तर आरनेज (आरएनए तोडणारी एन्झाइमं) तो खाऊन टाकतील. पट्टीचंही तेच: कोऱ्या ट्यूबमध्ये दुपारपर्यंत ठेवू नका, ओपीडीतच बफरमध्ये टाका. एप्रिलात सिडकोहून म्हसरूळपर्यंत दुचाकीच्या डिकीत कोरडी पट्टी नेणार असाल तर विसराच.

देवळाली_वाचक
विषय निघालाच आहे म्हणून. वडिलांना मॅक्युलाचा (दृष्टिपटलाचा मधला भाग) त्रास आहे. असल्या छोट्या आरएनएचे ड्रॉप मिळतात का? मॅक्युजेन हे औषध त्यातलंच ना?

म्हसरूळ_मायक्रो
नाही. मॅक्युजेन (पेगाप्टॅनिब, २००४) हा अ‍ॅप्टामर, म्हणजे प्रथिनाला चिकटणारा छोटा आरएनए, तो व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनालाच चिकटतो, जनुक नियमन करत नाही. व्हीईजीएफविरुद्धच्या एसआयआरएनएची (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए), बेव्हासिरॅनिबची, चाचणी २००९ मध्ये थांबवली. त्याआधी २००८ मध्ये उंदरांवर दिसलं होतं की २१ बेस किंवा त्याहून लांब एसआयआरएनए, कुठल्याही क्रमाचे, टीएलआर३ (परका आरएनए ओळखणारं पेशीचं प्रथिन) मार्फत नव्या रक्तवाहिन्या दाबतात. म्हणजे परिणाम नियमनाचा की नुसत्या लांबीचा, हाच वाद. आणि ही सगळी इंजेक्शनं, ड्रॉप नाहीत. वडिलांना रेटिना तज्ज्ञाकडे न्या, धाग्यावर थांबू नका.

चष्मेबहाद्दर
मी परत सांगतो, स्मॉल आरएनए सिक्वेन्सिंग करा, सगळेच मायक्रोआरएनए एका दमात.

सातपूरकर
एका पट्टीतून? लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) अडॅप्टर-डायमरच (एकमेकांनाच जोडले गेलेले अडॅप्टर) भरेल. पट्ट्या एकत्र केल्या तर रुग्णागणिक तुलना गेली.

गंगापूररोड_पीजी
बरं. म्हणजे मिर-१८४ चा प्रायमर तोच ठेवू की नको? आणि नॅनोड्रॉपवर (आरएनए किती ते प्रकाशाने मोजणारं यंत्र) ४ नॅनोग्रॅम येतंय, ते सगळीकडे सारखं करून घेऊ ना?

सातपूरकर
नको. एवढ्या कमी पातळीला नॅनोड्रॉप फिनॉलही मोजतो. सगळीकडे सारखं आकारमान घ्या, ५ मायक्रोलिटर. प्रायमर स्टेम-लूपबरोबरच्या संचातला लागेल, जुना चालणार नाही. एका नमुन्याचं सीडीएनए पाचपट पातळ करून बघा. सीटी २.३ च्या आसपास वाढली पाहिजे, वाढलीच नाही तर इन्हिबिटर (अभिक्रिया अडवणारं काहीतरी) आहे. कृत्रिम मिर-१८४ ची दसपट पातळ मालिका लावा, उतार -३.१ ते -३.६ मध्ये यायला हवा. ऑलिगो आरएनएचाच मागवा. स्टेम-लूपसाठी ५-प्राइम फॉस्फेटचे जादा पैसे भरू नका, ते लिगेशनवाल्यांचं (तुकडे जोडणाऱ्यांचं) काम.

पाथर्डी_फाटा
अजून एक, ओपीडीत फ्लुरेसिन (डोळे तपासायचा चमकणारा रंग) घालण्याआधी शर्मर करतात की नंतर? फ्लुरेसिन फॅमच्या (क्यूपीसीआर मशीन वाचतं तो हिरवा रंग) चॅनलमध्येच चमकतो. पट्टी पिवळी-हिरवी असेल तर ती बाजूला ठेवा.

गंगापूररोड_पीजी
काही पिवळसर आहेत. वेगळ्या काढतो. स्टेम-लूप संच आठवड्यात येईल का नाशिकला, कुणाला अंदाज?