स्लीपने थ्रेड संपण्याची वाट पाहू नका

सी प्रोग्राममध्ये सुरू केलेल्या थ्रेडचं (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचं) आउटपुट पूर्ण दिसत नसेल तर काय करायचं, यावर एक उत्तर असं मिळतं: मेन या मुख्य फंक्शनच्या शेवटी स्लीप(५), म्हणजे ५ सेकंद थांबणं, टाकल्यावर सगळ्या थ्रेडचं आउटपुट दिसू लागलं, म्हणजे प्रश्न सुटला. मला ते अजिबात पटत नाही. मेनमधून रिटर्न झालं की अख्खी प्रोसेस (चालू असलेला पूर्ण प्रोग्राम) संपते आणि उरलेले थ्रेड जिथे असतील तिथेच मरतात. तुमच्या मशीनवर ५ सेकंद पुरले. लोड असलेल्या सर्व्हरवर पुरतील कशावरून?

थ्रेड खरंच संपेपर्यंत थांबण्यासाठीच पीथ्रेड_जॉइन हे फंक्शन आहे. फक्त लूप दोन हवेत: पहिल्यात सगळे थ्रेड तयार करा, दुसऱ्यात एकेकाला जॉइन करा. दोन्ही एकाच लूपमध्ये घातलंत तर पहिला संपेपर्यंत दुसरा जन्मालाच येत नाही, मग मल्टिथ्रेडिंगचा उपयोग काय! तिसरा थ्रेड पहिल्याच्या आधी संपला तरी बिघडत नाही, त्याचं जॉइन लगेच परत येतं.

थ्रेड संपला का हे कळायला डन नावाचा व्होलाटाइल फ्लॅग (दर वेळी मेमरीतूनच वाचलं जाणारं खुणेचं व्हेरिएबल) लूपमध्ये तपासत राहण्याचा सल्लाही कृपया घेऊ नका. व्होलाटाइलने डेटा रेस (एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने त्याच डेटाला ताळमेळ न ठेवता हात लावणं) टळत नाही, शिवाय तो लूप सीपीयू खात बसतो. जॉइन यशस्वी झालं की त्या थ्रेडने मेमरीत लिहिलेलं सगळं मेनला नक्की दिसतं. हा त्याचा खरा मोठा फायदा, आणि तोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

जॉइन करायचंच नसेल तर पीथ्रेड_डिटॅच करा, म्हणजे थ्रेड संपल्यावर त्याची संसाधनं आपोआप मोकळी होतात. दोन्ही टाळलंत तर संपलेल्या थ्रेडची संसाधनं अडकून राहतात, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एक दिवस नवा थ्रेड तयार करणारं पीथ्रेड_क्रिएटच ई-अगेन (संसाधनं अपुरी असल्याचा एरर) परत करू लागतं.