'पिशवीच्या तोंडावर जखम' म्हणजे नक्की काय?

दादरची मी: बहिणीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर सर्व्हायकल एंडोमेट्रिओसिस असं लिहून आलंय. आधी दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या पिशवीच्या तोंडावर जखम आहे, तेव्हापासून आई परळला टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाऊया म्हणून मागे लागलीय. याला जखम म्हणणं बरोबर आहे का?

लॅबवाली: नाही. तोंड जरा लालसर दिसलं तरी जखम, सूज आली तरी जखम, सगळ्याला एकच शब्द वापरतात आणि बायका उगाच घाबरतात. गर्भाशयाचं आतलं जे अस्तर पाळीत गळून जातं, तसंच अस्तर जागा सोडून भलतीकडे रुजलं की एंडोमेट्रिओसिस, इथे ते गर्भाशयमुखावर रुजलंय. पुस्तकात 'गर्भाशय ग्रीवा' लिहितात पण बोलताना पिशवीचं तोंडच म्हणा, सगळ्यांना कळतं. हा कॅन्सर नव्हे, आईंना आधी हे सांगा. कॉल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड बघतात त्यात, निळसर, काळपट किंवा लालभडक ठिपके दिसतात, बहुतेक काही मिलिमीटरचेच, पाळी जवळ आली की जास्त ठळक. पण नुसत्या डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही, म्हणून तुकडा काढून तपासतात. स्लाइडवर अस्तराच्या ग्रंथी, त्यांच्याभोवतीचा स्ट्रोमा (ग्रंथींना आधार देणारा पेशींचा थर) आणि बरेचदा जुन्या रक्ताच्या तपकिरी खुणा दिसल्या की निदान पक्कं. पॅप स्मिअरमध्ये (तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून तपासतात त्यात) मात्र याच पेशी संशयास्पद वाटू शकतात, तेव्हा तेवढ्यावरून धसका घेऊ नये.

गिरगावकर: 'अंगावरून जातं' हाही तसलाच शब्द, पांढरं जातं की लाल ते कळतच नाही. डॉक्टरांना सरळ सांगावं की पाळीच्या आधी दोन-चार दिवस डाग लागतात, की मधेच लागतात, की संबंधानंतर रक्त जातं. लाज वाटते मान्य आहे, पण डॉक्टर पुढे काय तपासतील ते यावरच ठरतं.

लॅबवाली: अगदी. शिवाय आधी क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं), कॉटरी (तोंडावरचा भाग जाळणं) किंवा तोंडाचा तुकडा काढलेला असेल तर तेही सांगायचं, कारण तिथे खरचटलं की अस्तर रुजायला वाव मिळतो असं मानतात. काहींना काहीच त्रास नसतो, तेव्हा नुसतं लक्ष ठेवतात. रक्त जातच राहिलं तर तेवढा भाग काढतात किंवा जाळतात.

दादरची मी: तिचं मागच्या वर्षी क्युरेटिंग झालंय, ते फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. उद्याच्या ओपीडीला जुना डिस्चार्ज कागद घेऊन जाते.